मुक्काम पोस्ट देवनार

स्वतःचे प्रेत हुडकण्यासाठी पहाटे साडेपाचाला अंथरूण सोडणारा गृहस्थ आपल्या परिचयात असण्याचा संभव नाही. परंतु गोवंडी स्थानकापासून चालत बारा मिनिटांवर, एका चार मजली सहनिवासाच्या तिसऱ्या मजल्यावर, असा एक गृहस्थ पाव शतकाहून अधिक काळ राहत असून प्रस्तुत लेखाचा लेखक तोच आहे. प्रेत सहसा एखाद्या गुहेत, नाहीतर दलदलीत, आणि एकदा तर ज्या अजगराने त्याला प्रेतरूप दिले त्याच्याच बिछान्याशेजारी पडलेले असते. अंगावर चिलखत, कमरेला तलवार आणि बटव्यात अनेक वर्षांची शिल्लक असते. आणि कायदा असा, की मूळ मालकाने मुदतीच्या आत जातीने हजर राहून ऐवज ताब्यात न घेतल्यास प्रेत मातीस मिळते व ऐवज बेवारस ठरतो. मयत इसमानेच वारसाच्या नात्याने आपल्या मालमत्तेवर हक्क सांगावा, असे प्रकरण मोजणी खात्यातील माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही दप्तरी दाखल झाले नव्हते.

या प्रकरणाचा उगम १९९७ सालचा. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही शहरांत सामान्य नागरिकांस इंटरनेट खुले केले होते, आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा भाचा आपला संगणक, मोडेम आणि मळक्या कपड्यांचे गाठोडे घेऊन आमच्याकडे राहावयास आला होता. कारण त्याच्या वसतिगृहातील खोलीत दूरध्वनी नव्हता आणि आमच्याकडे एकाच तारेवर दोन यंत्रे होती, एक दिवाणखान्यात व एक स्वयंपाकघरात. विद्यार्थ्यांना तेव्हा जे स्वस्त खाते मिळे, त्यात चित्रांना मज्जाव असे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, एवढाच जगाचा विस्तार. तेव्हा भाच्याने शोधून काढलेली करमणूकही अर्थातच अक्षरांची होती.

तिला मड म्हणतात. हे मल्टी यूजर डंजन या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप असले तरी इंग्रजीत मड म्हणजे चिखल हे शाळेपासून ठाऊक असल्याने, आणि आमच्या पूर्वेला ठाण्याच्या खाडीचा तो मुबलक असल्याने, मला परकेपणा असा वाटला नाही. इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने हा खेळ रचावयास घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो पूर्णत्वास नेला. त्यानंतर ख्याल गायकीत जशी घराणी झाली तशी यातही झाली : एक वेल्समधील ॲबरिस्टविथचे, एक स्वीडनचे, एक कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांचे. आमचे घराणे कोपनहेगनचे. यात आपण एका खोलीत उभे आहोत असे यंत्र लेखी कळविते. आपण 'उत्तर' असे लिहिले की पुढल्या खोलीचे वर्णन येते. 'मार' लिहिले की मारामारी होते, आणि तिचाही वृत्तान्त वाक्यावाक्याने, एखाद्या फौजदारी पंचनाम्यासारखा, पडद्यावर उतरत जातो. त्याच खोलीत त्याच वेळी ओहायोचा एखादा पुरोहित आणि फिनलंडचा एखादा दरोडेखोर उभा असतो, आणि तोही माणूसच असतो.

भाच्याने मला यंत्रापुढे बसविले आणि तो पोहे खावयास आत गेला. पडद्यावर प्रश्न उमटला : आपणांस कोणत्या नावाने ओळखले जावे? मी माझे, वडिलांचे आणि आडनाव असे संपूर्ण नाव, कचेरीत सही करतो त्याच क्रमाने, लिहिले. यंत्राने ते नाकारले व कारण न देता पुन्हा उत्तर मागितले. आता, ज्याची हयात छापील नमुने भरण्यात आणि इतरांनी भरलेले नमुने परत पाठविण्यात गेली, त्याला एवढे निश्चित कळते की पहिला रकाना नावाचा असला तर दुसरा पत्त्याचाच असावयाचा. मी 'देवनार' असे लिहिले. ते तत्काळ मंजूर झाले. पुढे एक यादी आली व तीतून एक निवडा असा हुकूम आला. तीत 'एल्फ' असा शब्द होता. आमची कचेरी एल्फिन्स्टन रोड स्थानकाजवळ असल्यामुळे हे कामाच्या ठिकाणाचे संक्षिप्त रूप असणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह उरला नाही.

भाचा बशी घेऊन परत आला आणि पडद्याकडे पाहून थबकला.

"मामा, तुम्ही देवनार नावाचे एल्फ झालात."

"मग दुरुस्ती कर."

"होत नाही."

"अर्ज करू."

"कोणाकडे?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, आणि सरकारी नोकरीत असताना 'कोणाकडे' याचे उत्तर देता न येण्यासारखी दुसरी नामुष्की नाही. भाचा पुढल्या वर्षी अमेरिकेस निघून गेला व संगणक आमच्या गळ्यात पडला. मी मात्र एल्फच राहिलो.

एल्फ ही योनी, असे मला नंतर समजले, अरण्यात वास करणारी, सडपातळ, दीर्घायुषी, टोकदार कानांची आणि वाजवीपेक्षा अधिक काव्यमय अशी असते. माझे वजन त्या वेळी एक्क्याऐंशी किलो होते आणि अरण्याशी संबंध म्हणाल तर गॅलरीतील तुळस. परंतु पाश्चात्त्य जनांच्या कानाला 'देवनार' हा शब्द कसा लागतो याची कल्पना चेंबूर-गोवंडीच्या माणसाला येणे शक्यच नाही. ज्या नावापुढे मुंबईतला कोणताही मनुष्य प्रथम नाकाला रुमाल लावतो, आणि ज्या नावामुळे आमच्या सहनिवासातील निम्मी कुटुंबे पत्त्यात 'चेंबूर (पूर्व)' असे लिहून मुलींची लग्ने जुळवितात, ते नाव ऐकून गोथेनबर्गची एक चेटकीण पहिल्याच भेटीत सद्गदित झाली.

"देवनार! किती प्राचीन नाव! हे कोणत्या अरण्यातले?"

"अरण्य नाही. मी राहतो त्या ठिकाणाचेच नाव."

"म्हणजे तू तिथला राजपुत्र!"

मी नाही म्हणालो नाही. वास्तविक मी तिथल्या सहनिवासाचा केवळ माजी खजिनदार होतो. पण तिने तुझ्या देशाचे वर्णन कर असा आग्रह धरल्यावर मी एक अक्षरही खोटे न बोलण्याचा निश्चय केला आणि तो पाळला. मी लिहिले, की आमच्याकडे एक डोंगर आहे जो मनुष्यांनी घडविला असून कधी कधी आतून धुमसतो, आणि त्याच्यावर घारी अखंड घिरट्या घालतात. खाडीवर हिवाळ्यात हजारो गुलाबी पक्षी उतरतात. दर वर्षी एका सणापूर्वी दूरदूरच्या मुलखांतून बकऱ्यांचे तांडे येतात व नगराला जत्रेचे रूप येते. एका आश्रमात समाजाच्या दुःखांचा अभ्यास चालतो, त्याच्या शेजारच्या मठात माणसे किती जन्मली नि किती मेली हे मोजणारे पंडित राहतात. आणि टेकडीपलीकडे, जिथे पहारेकरी कोणालाही सोडीत नाहीत, तिथे एका जलकुंडात निळा प्रकाश फाकतो, त्या कुंडाचे नाव अप्सरा. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून देवनारात आहे, लोकसंख्येचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था तिच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तुर्भ्याची अप्सरा ही अणुभट्टी १९५६ पासून पाण्याच्या टाकीत निळी प्रभा फेकीत होती, हे मी टीपांत देणार होतो. पण खेळात टीपा देण्याची सोय नाही.

"तुझी कल्पनाशक्ती अफाट आहे," चेटकीण म्हणाली. मला विचाराल तर शेरा 'माहिती बरोबर, परंतु पुरावा जोडलेला नाही' असा हवा होता.

या मानमरातबाची किंमत मला घरात मोजावी लागली. आमच्या मोहिमा अमेरिकनांच्या सोयीने निघत. न्यूयॉर्कला रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच व हिवाळ्यात साडेसहा, म्हणजे नळाला पाणी येण्याची नेमकी वेळ. डाव्या हाताने पिंपात नळी धरून उजव्या हाताने मी राक्षसांशी लढलेलो आहे. समोरच्या इमारतीतील एका वृद्ध बाईंनी तर काका रोज ब्राह्ममुहूर्तावर उठून पोथी वाचतात, त्यांचे ओठ हलताना दिसतात, असे सर्वत्र सांगितले, आणि त्या पुण्याईवर मला दोनदा सत्यनारायणाला यजमानाच्या शेजारी बसविण्यात आले.

स्वयंपाकघरातील दुसऱ्या यंत्राने माझे जेवढे मृत्यू घडविले तेवढे सर्व राक्षसांनी मिळूनही घडविले नसतील. अजगर शेवटच्या घटका मोजीत असावा, सहा देशांचे सहा वीर माझ्या मंत्राची वाट पाहत असावेत, आणि नेमक्या त्या क्षणी सौ. ने आपल्या बहिणीस फोन करण्यासाठी रिसीव्हर उचलावा.

"अहो, यात कोणीतरी किंचाळतंय!"

"मीच तो. खाली ठेव!"

"तुम्ही तर इथे बसलाय."

तोवर तार तुटलेली असे. खेळात अशा वेळी मनुष्य नाहीसा होत नाही. तो जिथल्या तिथे, निर्विकार, एखाद्या रजेवर गेलेल्या अधिकाऱ्याच्या खुर्चीसारखा उभा राहतो, आणि अजगराला त्याच्या रजेशी कर्तव्य नसते. पुन्हा जोडणी लागेपर्यंत मी मेलेला असे, आणि मग उघड्या अंगाने, निःशस्त्र, गावच्या मंदिरात जन्म घेऊन प्रेताच्या शोधार्थ निघावयाचे, म्हणजे पुन्हा त्याच अजगराकडे. एका आठवड्यात या वाटेवर माझी चार प्रेते ओळीने पडली. पाचव्या वेळी मी त्यांचा उपयोग मैलाचे दगड म्हणून केला.

घरातील कुरबुरीचे दुसरे कारण भोजनाचे. आमच्या घराण्याच्या खेळांत तुम्हाला भूक लागली आहे, तहान लागली आहे, अशी ताकीद वेळोवेळी येते, आणि मी ती कधीही उपेक्षिली नाही.

"अहो, पान वाढलंय."

"आलोच. याला एक भाकरी खायला घालतो."

"कोणाला?"

"देवनारला. भूक लागली म्हणतोय."

"आणि तुम्हाला?"

"मला कुठे कोणी सांगतंय?"

"मी अर्धा तास काय सांगतेय मग?"

सौ. च्या बाजूनेही एक गोष्ट नमूद करणे न्याय्य होईल. एका सायंकाळी ती भाजीची यादी सांगत होती, मजजवळ कागद नव्हता, म्हणून मी ती समोर टंकलिखित करीत गेलो. आणि माझ्या दुर्दैवाने मी त्या क्षणी 'ओरड' या आज्ञेनंतर थांबलेलो होतो, जिच्यापुढे लिहिलेले सर्व साऱ्या भूमंडलावर एकाच वेळी ऐकू जाते. कोथिंबीर, आले, कढीपत्ता, चार लिंबे आणि एक नारळ ही गर्जना पृथ्वीच्या पाठीवरील सव्वाशे योद्ध्यांनी ऐकली. क्षणभर शांतता पसरली. मग ओहायोचा पुरोहित अत्यंत अदबीने म्हणाला, "स्वामी, कोथिंबीर-कढीपत्ता हा मंत्र कितव्या पायरीला मिळतो?" पुढले दोन आठवडे नवशिके लढाईवर निघण्यापूर्वी कोथिंबीर म्हणून ओरडत असत. त्यांतला एक खरोखरच जिवंत परत आला, आणि मग तो मंत्र मोडून काढणे कोणाच्याच हाती राहिले नाही.

माझ्या खऱ्या कौशल्याची कदर मात्र या खेळात झाली नाही, हे मला खेदाने लिहावे लागते. चित्रे नसल्याकारणाने नकाशा आपला आपण काढावा लागतो, आणि नकाशा म्हटल्यावर माझ्यातला मोजणीदार जागा झाला. मी फुलस्केपचे ताव जोडून प्रत्येक खोलीस क्रमांक दिला, चतुःसीमा लिहिल्या, हद्दीच्या खुणा दाखविल्या. सर्व काही बिनचूक चालले असता मी एका चक्रव्यूहात शिरलो, जिथे पूर्वेस जाऊन पश्चिमेस परतले असता मनुष्य मूळ जागी येत नाही. मी तीन वेळा फेरमोजणी केली. नंतर या जगाच्या व्यवस्थापकांकडे, ज्यांना तेथे सिद्ध म्हणतात, रीतसर तक्रार नोंदविली की अमुक क्रमांकाच्या खोलीची पश्चिम हद्द तमुक खोलीच्या पूर्व हद्दीशी जुळत नाही, सबब हद्द कायम करून मिळावी. उत्तर एका शब्दाचे आले : जादू. तेहतीस वर्षांत माझ्यापुढे बांध कोरणारे आले, खुणेचा दगड रातोरात सरकविणारे आले, पण जादू हे कारण लेखी देण्याचे धैर्य कोणी केले नव्हते.

मला याचे अधिक दुःख झाले ते असल्या खेळांचा आदिपुरुष स्वतः मोजणीदार होता हे कळल्यावर. विल क्राउदर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने आपल्या मुलींच्या करमणुकीसाठी १९७६ च्या सुमारास संगणकावर गुहेचा खेळ लिहिला, आणि त्यातील गुहा केंटकी राज्यातील मॅमथ गुहेवरून घेतली. ती गुहा त्याने व त्याच्या पत्नीने खरोखरच आत सरपटत जाऊन मोजलेली होती. मोजणी करणाऱ्या दांपत्याचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे अनेकदा उभे राहते. सौ. ला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तिचा नवरा निदान बाहेर तरी घेऊन जायचा."

बार्टलसाहेबांनी १९९६ साली एक निबंध लिहून या खेळातील लोकांचे चार वर्ण पाडले आणि त्यांना पत्त्यांची नावे दिली. गुण व धन साठविणारे ते चौकट. कोपरान् कोपरा उकरून पाहणारे ते इस्पिक, कारण इंग्रजीत इस्पिकाचे नाव आणि फावड्याचे नाव एकच. मैत्री व गप्पा यांसाठी येणारे ते बदाम. आणि केवळ दुसऱ्याच्या टाळक्यात घालण्यासाठी येणारे ते किलवर, कारण किलवर म्हणजे इंग्रजीत सोटा. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या सहनिवासाची वार्षिक सर्वसाधारण सभा नुकतीच, पाण्याच्या टाकीच्या विषयावर, पोलीस न बोलाविता पार पडली होती. अध्यक्ष चौकट, कारण गेल्या नऊ वर्षांच्या इतिवृत्तांत आपले नाव किती वेळा आले हे त्यांना तोंडपाठ होते. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ इस्पिक. ते सभेच्या मध्यावर स्वतः टाकीवर चढून आत काय आहे ते पाहून आले व कोणी विचारले नाही म्हणून त्यांनी सांगितलेही नाही. बदाम मंडळी मागल्या रांगेत बटाटेवडे केव्हा येणार याची चौकशी करीत होती. किलवर एकच होता. त्याला टाकीशी, पाण्याशी, किंबहुना इमारतीशीच फारसे कर्तव्य नव्हते, त्याचा फ्लॅटही भाड्याने दिलेला होता, पण सभेला तो न चुकता येई आणि खजिनदाराच्या हिशेबातील अकरा रुपये सत्तर पैशांवर झडप घाली. मी खजिनदार असताना माझे प्रेत त्या सभेत दोनदा पडले, आणि तिथून मात्र ते उचलून आणण्याची सोय नव्हती.

दहा-बारा वर्षांच्या एकनिष्ठ सेवेबद्दल सिद्धांनी शेवटी मला बढती देऊन नवीन प्रांत रचण्याची परवानगी दिली. मी एकेचाळीस खोल्यांचा देवनार प्रांत लिहिला, अगदी गोवंडीच्या पुलाच्या जिन्यापासून, आणि मोजमापात एक फुटाची चूक राहू दिली नाही. तो मुख्य सिद्धाकडून शेऱ्यांसह परत आला. धुमसणारा डोंगर : कारण द्या. मी लिहिले, कचरा. १९२७ सालापासून शहर आणून टाकीत आहे. शेरा : कोणतेही नगर इतकी वर्षे एकाच जागी कचरा टाकणार नाही, अविश्वसनीय. जलकुंडातील अप्सरा : अन्यत्र वाचल्यासारखी वाटते. माणसे मोजणारे पंडित : विनोद समजला नाही. गुलाबी पक्षी : रंग बदलावा. सर्व प्रांतातून केवळ बकऱ्या मंजूर झाल्या, त्याही प्रत्येकी दोन गुणांच्या, आणि दर पंधरा मिनिटांनी नव्याने अवतरणाऱ्या.

प्रकरण त्या अवस्थेत पडून राहिले. मग २०१६ च्या जानेवारीअखेर देवनारच्या डोंगराला आग लागली. आम्ही खिडक्या लावून, ओले पंचे दारांच्या फटींना कोंबून बसलो होतो, आसपासच्या शाळा महापालिकेने बंद ठेवल्या होत्या, आणि तो धूर इतका दूरवर गेला की नासाच्या उपग्रहांनी त्याची छायाचित्रे घेतली. तिसऱ्या दिवशी पहाटे मी खोकत खोकत आत शिरलो तो चेटकीण वाट पाहत उभी होती.

"देवनार," ती म्हणाली, "तुझा डोंगर मी आज बातम्यांत पाहिला."

"होय."

"तो खरा आहे?"

"होय."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि ती अप्सरा?"

दुसऱ्या दिवशी मुख्य सिद्धाने डोंगर मंजूर केला. 'अविश्वसनीय' हा शेरा मात्र त्याने तसाच ठेवला, आणि मोजणी खात्याचा माणूस म्हणून मला तो पोच मिळाल्यासारखाच वाटला.

आता खेळात पूर्वीची वर्दळ राहिली नाही. सव्वाशेंच्या ठिकाणी कधी अकरा असतात, कधी मी व पुरोहित असे दोघेच, आणि पुरोहिताला आता नातवंडे आहेत. गेल्या उन्हाळ्यात भाचा सहकुटुंब आला होता. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा माझ्या काळ्या पडद्याकडे भक्तिभावाने पाहत पुष्कळ वेळ उभा राहिला.

"आजोबा, चित्र कधी लोड होणार?"

"होतंय," मी म्हणालो. "तुझा बाबा कॉलेजात होता तेव्हापासून होतंय."

खेळ अजून चालू आहे, फुकट आहे आणि नवागतांचे तेथे मनापासून स्वागत होते. देवनार प्रांतात यावयाचे झाल्यास गावच्या मंदिरातून पूर्वेस निघून पुलाचा जिना चढावा, बकऱ्यांना इजा करू नये, आणि डोंगराच्या दक्षिणेकडची वाट धरू नये, कारण ती अद्याप लिहून व्हावयाची आहे. आणि एक विनंती : दारात नाव विचारले असता नावच लिहावे, पत्ता लिहू नये.